शांत झालाय त्यो

डार्क रूम म्हणजे लॅबच्या कोपऱ्यातली काळ्या रंगानं रंगवलेली खोली, दाराला जाड काळा पडदा. बाहेर भर दुपार असली तरी आत स्वतःचा हात दिसत नसे. ट्रॅक्टरच्या स्टीअरिंगपुढे बसणारा डिस्प्ले इथं तपासायचा. काचेमागचे एलईडी दिवे सगळीकडे सारखे उजळतात का, मंद करत नेले की लुकलुकतात का, बॅटरी अशक्त झाली की काय करतात. ज्ञानेश्वरी दिवसातला बराचसा वेळ तिथं असे. चेहऱ्यावर पुढ्यातल्या काचेचा निळसर उजेड, बाकी काळोख. कुणी बोलायला येत नसे, कारण पडदा सरकला की रीडिंग बिघडे. सुरुवातीला तिला हे जड गेलं होतं. गेल्या वर्षी आई गेल्यापासून मात्र ती जेवणाच्या सुट्टीतही कधीकधी आतच बसून राही.

या डिस्प्लेला एक खोड होती. उजेड मंद केला की तो किरकिरायचा. एलईडी मंद करायचे म्हणजे खरं तर ते भराभर चालू-बंद करत राहायचे. डोळ्याला चालू-बंद कळत नाही, फक्त उजेड कमी झालेला दिसतो. पण त्या तालावर बोर्डावरचे कॅपॅसिटर थरथरतात आणि बारीक आवाज काढतात. लॅबमध्ये सगळे त्या बोर्डाला रातकिडा म्हणत. चाचणीसाठी दौंड तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरांवर डिस्प्ले बसवले होते. तिथूनही हीच तक्रार आली. एकानं तर डॅशबोर्ड उघडून आत खरंच किडा शोधला होता.

उपाय ज्ञानेश्वरीनं काढला. चालू-बंदचा वेग तिनं इतका वाढवला की आवाज माणसाच्या कानाच्या पलीकडे गेला. डार्क रूममध्ये कान लावून, मायक्रोफोन लावून तपासलं. किरकिर गेली. गेल्या आठवड्यात चाचणीच्या ट्रॅक्टरांवर नवे बोर्ड बसले आणि एकेकाचा निरोप येऊ लागला की आवाज नाही. राहिला होता फक्त कासुर्डीच्या साखरबाईंचा ट्रॅक्टर. तो निरोप आला की ज्ञानेश्वरी रिपोर्टवर सही करणार, आणि सोमवारी कारखान्यात डिस्प्लेची लाइन सुरू होणार. सगळं तिच्या सहीवर अडलं होतं. एकदा माल ट्रॅक्टरांवर चढून गावोगाव गेला की त्यातली चूक शेतकऱ्याच्या वाट्याला येते, हे ती जाणून होती. आणि चूक कुठं तरी असतेच, असंही तिला वाटायचं.

शनिवारी दुपारी पप्पूनं साखरबाईंशी झालेलं बोलणं रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. पप्पू शिरूरचा, फील्डवर फिरणारा टेक्निशियन. लॅबचे प्रमुख इंद्रजीत सर टेबलापाशीच उभे होते. त्यांनी फोन मोठ्यानं लावायला सांगितला.

"आज्जी, त्या डिस्प्लेचा आवाज येतोय का अजून?" पप्पू विचारत होता.

"न्हाई रं बाबा. शांत झालाय त्यो. परवा सकाळच्यालाच शांत झाला."

"मग चांगलंय की!"

"काय चांगलं आन् काय वाईट. आपल्या हातात हाय व्हय?"

इथं पप्पू हसला आणि रेकॉर्डिंग संपलं. लॅबमध्येही हशा पिकला.

"घ्या," इंद्रजीत सर म्हणाले. "आजींनी पास केलं, वर प्रवचन फुकट. करा सही."

"एकदा वाचून करते, सर. उद्या मेल करते."

"मॅडम, तुम्ही हॉटेलात मेनूकार्ड पण दोनदा वाचत असाल."

"हॉटेलात जात नाही मी," ती म्हणाली. ते खरंच होतं. सर आपल्या टेबलाकडे गेले.

तिनं शेवटच्या रकान्यात लिहिलं, आवाज नाही. सहीची जागा मोकळी ठेवली.

तिची खोली कारखान्याजवळच सणसवाडीत होती, एका लांबट इमारतीतल्या रांगेतली. दोन्ही बाजूंना कारखान्यांतली मुलं राहत, कुणी बिहारची, कुणी लातूरकडची. शिफ्ट बदलली की दारापुढचे बूट बदलत, तेवढंच तिला त्यांच्याबद्दल माहीत होतं. दिवसभर तिच्या कानावर हिंदी पडे, नाहीतर कारखान्यातली निम्मी इंग्रजी मराठी. संध्याकाळी ती पिठल्याला फोडणी देत होती तेव्हा तिनं फोन ओट्यावर ठेवून साखरबाईंचा आवाज पुन्हा लावला. कामासाठी नाही. त्या म्हातारीचं 'सकाळच्याला' तिला ऐकायचं होतं. आई तसंच म्हणायची. सकाळच्याला, दुपारच्याला. या खोलीत तसं बोलणारं कुणी कधी आलं नव्हतं.

तिनं पुन्हा लावलं. मग आणखी एकदा.

आणि मग पिठलं ढवळणारा हात थांबला. परवा सकाळी का?

बोर्ड बसून आठवडा झाला होता. आवाज थांबायचा तर तो बोर्ड बसला त्याच क्षणी थांबायला हवा. परवा सकाळी थांबायला परवा सकाळी काय झालं होतं?

तिनं गॅस बंद केला आणि फोन कानाशी धरून ऐकलं. आता तिला शब्दांमागचा स्वर ऐकू आला. म्हातारीचा आवाज त्या वाक्याला खाली गेला होता. पप्पूचा 'आज्जी' मोठ्यानं, आणि उत्तर हळू. कुणाच्या घरची वाईट बातमी दुसऱ्याला सांगताना माणूस आवाज खाली घेतो, तसं.

हा स्वर तिच्या ओळखीचा होता.

गेल्या वर्षी आई आजारी होती. धाप लागून रात्ररात्र बसून राहायची. ज्ञानेश्वरी दर रविवारी घरी, खुटबावला जायची आणि सोमवारी परत यायची. अशाच एका सोमवारी ती डार्क रूममध्ये असताना वडिलांचा, आप्पांचा, फोन आला होता. आप्पा म्हणाले, "ज्ञाना, तुझी आई शांत झाली गं." आणि ती म्हणाली होती, "बरं झालं. झोपू दे तिला. आता उठवू नका." मग आप्पा "व्हय" म्हणाले आणि फोन बंद झाला. तिनं उरलेली रीडिंग घेतली. बाहेर येऊन चहा घेतला. नंतर चुलतभाऊ स्वराजचा फोन आला, "ताई, निघालीस ना? तुझ्यासाठी थांबलेत सगळे."

त्या दिवसाबद्दल आप्पा आणि ती कधी बोलले नव्हते. रविवारी जाणंही हळूहळू सुटलं. त्याऐवजी रविवारी फोन होई. "जेवलीस का?" "जेवले." "बरं." "तुम्ही?" "व्हय." "ठेवू?" "ठेवा."

घरातला दिवा गेला तर तो विझला म्हणायचं नाही, शांत झाला म्हणायचं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आईनंच शिकवलं होतं. डिस्प्लेच्या बाबतीत ते तिच्या डोक्यातच आलं नाही. महिनाभर ती आवाजाच्या मागं होती. शांत या शब्दाची ती वाट बघत होती, आणि तो आला तेव्हा तिनं तो आपल्याला हवा तसा ऐकला.

तिनं पप्पूला फोन केला.

"पप्पू, तू डिस्प्ले डोळ्यांनी बघितलास का?"

"न्हाई मॅडम, ट्रॅक्टर रानात गेलेला. आज्जी ओट्यावर होत्या. त्यांनी सांगितलं ना, शांत झालाय."

"त्यांचा नंबर?"

"त्यांच्याकडं फोन न्हाई. लेकाचा हाय, जालिंदरचा. पर त्यो उचलत न्हाई कधी. का मॅडम, काय झालं?"

"काही नाही. उद्या जाऊन येते."

"रविवारी? मॅडम, तुम्हाला घरी कोण वरडत न्हाई का?"

"नाही," ती म्हणाली.

सकाळी ती स्कूटीवरून निघाली. सॅकमध्ये मीटर आणि छोटा स्क्रू-ड्रायव्हर सेट. शिक्रापूर, न्हावरे, मग पारगावचा पूल ओलांडून दौंड तालुका. दोन्हीकडे ऊस. चौफुल्याला सोलापूर रस्ता लागला. यवतच्या अलीकडे खुटबावकडे वळणारा रस्ता दिसला तेव्हा तिनं वेग कमी केला नाही. आधी काम.

साखरबाईंचं घर कासुर्डीत वस्तीवर होतं. पत्र्याचं शेड, शेडात ट्रॅक्टर, पलीकडे शेवंतीचा पट्टा. साखरबाई शेडाच्या सावलीत बसून फुलं निवडत होत्या. ज्ञानेश्वरीनं कंपनीचं नाव सांगताच त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आली व्हय कंपनी! बस. आता आलीस तर बस. त्या पोराला मी म्हणलं, शांत झालाय, तर हसला मुडदा. म्हणतो चांगलंय की. म्हणलं ह्या कंपनीत हसायला पगार देत्यात वाटतं."

"आजी, शांत झालाय म्हणजे उजेड गेलाय का?"

"मग काय सांगितलं मी? काळाठिक्कर पडतोय."

"मग तसं सांगायचं ना, गेला म्हणून."

"का गं? दिव्याला असं म्हणत्यात व्हय?" साखरबाईंनी फुलांवरचा हात थांबवला. "कुणाची तू? शहरातली दिसतीस."

"खुटबावची."

"खुटबावची!" म्हातारी एकदम हसली. "आन् मला इचारतीस शांत म्हंजी काय?"

ज्ञानेश्वरीनं सॅक खाली ठेवली.

जालिंदर घरातून आला. चाळिशीचा, हातात चहाचा कप. त्यानं सरळ सांगितलं. "मॅडम, दिवसा चालू होतोय. पहाटं रोटर मारायला निघालो, लायटी लावून सेल मारला, की मेला."

"मेला म्हणू नको रं!"

"बरं, शांत झाला," जालिंदर आईकडे न बघता म्हणाला. "नवा बोर्ड बसल्यावर गुरुवारी पयल्यांदा पहाटं निघालो, तसंच नेला रानात. इंजनातलं पाणी तापलेलं कळलंच न्हाई. लाल खूण आली असंल, पर काळ्या काचेवर दिसणार काय? वाफ निघाली तवा खाली उतरलो. अजून थोडा चालवला असता तर इंजन बसलं असतं. घरी येऊन पुन्हा चावी फिरवली तर हा आपला हसतोय."

"मग पप्पूला का नाही सांगितलं?"

"मी भेटलोच कुठं त्याला. आईनं सांगितलं की."

ज्ञानेश्वरी ट्रॅक्टरच्या सीटवर चढली. शेडच्या तोंडाला जालिंदरनं ताडपत्री सोडली तेव्हा आत पुरेसा अंधार झाला. तिनं मीटरच्या दोन तारा बॅटरीला लावल्या. आधी दिवे न लावता सेल मारला. डिस्प्ले उजळला, नीट राहिला. बंद केला. मग हेडलाइट लावले. हेडलाइट लागले की डिस्प्ले आपोआप सगळ्यात मंद होतो, रात्री डोळ्याला त्रास नको म्हणून. आता तिनं सेल मारला. बॅटरी जुनी होती, मीटरवरचा आकडा धपकन खाली गेला. इंजिन धडधडून लागलं. डिस्प्ले एकदा लुकलुकला आणि काळा झाला. काळाच राहिला.

ती त्या काळ्या काचेकडे बघत राहिली. काय झालं ते तिला कळलं. वेग वाढवल्यामुळे दिवे पेटण्याचा प्रत्येक क्षण आता अगदी तोकडा झाला होता, आणि सगळ्यात मंद केल्यावर तर पापणी लवायच्या कितीतरी आत संपणारा. बॅटरी भक्कम असेल तर तेवढ्यात काम होई. पण सेल मारताना बॅटरी कोसळली की दिव्यांसाठी विजेचा दाब चढवणाऱ्या सर्किटला तेवढ्या क्षणात तो चढवता येत नसे. दिवे पेटत नसत. दिवे सांभाळणाऱ्या चिपला वाटे की दिव्यांची माळ तुटली, आणि ती सुरक्षेसाठी माळ बंद करून टाकी, चावी काढेपर्यंत. लॅबमध्ये तिनं मंद उजेड तपासला होता, भरल्या बॅटरीवर. अशक्त बॅटरीही तपासली होती, पूर्ण उजेडावर. दोन्ही परीक्षा पास. दोन्ही एकदम कधी घेतल्याच नव्हत्या. पण पहाटे उठून रानात जाणारा माणूस रोज नेमकं तेच करतो.

तिनं शेडच्या बाहेर येऊन इंद्रजीत सरांना फोन लावला.

"रविवारी?" सर म्हणाले. "मेल पाठवली का?"

"नाही सर. सही करत नाही. लाइन थांबवा."

"काय बोलताय? सगळ्यांचे निरोप आलेत. आवाज गेला."

"आवाज गेला. उजेड पण जातो. मंद असताना सेल मारला की दिव्यांची चिप बंद पडते. मी आत्ता समोर बघितलं."

"कुठं?"

"कासुर्डीत."

"एकाची बॅटरी जुनी असेल. एका बॅटरीसाठी..."

"सगळ्यांच्या बॅटऱ्या जुन्या होतात, सर. त्यांचं इंजिन थोडक्यात वाचलं. मी सही करणार नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाची घेऊ शकता, पण मी हे लिहून पाठवणार आहे."

"पण त्या आजी तर म्हणाल्या शांत..." आणि सर बोलता बोलता थांबले. ते फलटणकडचे होते. मग ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, "आमच्याकडं पण तसंच म्हणतात."

"हो."

"मी पण होतो ना तिथं. हसलो सगळ्यात आधी मीच." त्यांनी घसा साफ केला. "प्लांटला कळवतो. शिव्या मी खातो. तुम्ही सोमवारी सगळं मांडा."

तिनं साखरबाईंना सांगितलं की बोर्ड बदलायला लागेल, तोवर पहाटे सेल मारल्यावर मग हेडलाइट लावायचे, आधी नाही. जालिंदरनं तसं करून बघितलं. डिस्प्ले उजळला. म्हातारीनं काचेला हात लावून कपाळाला लावला आणि ज्ञानेश्वरीच्या सॅकमध्ये न विचारता शेवंती भरली.

यवत मागे टाकून खुटबावचा रस्ता पुन्हा आला तेव्हा ती वळली.

आप्पा कांद्याच्या चाळीत बसून सडके कांदे बाजूला काढत होते. तिला बघून ते उठले. हात झटकले, पुन्हा झटकले.

"कासुर्डीला काम होतं," ती म्हणाली.

"रविवारचं?"

"हो."

मग ती तिथंच एका पालथ्या पाटीवर बसली आणि सगळं सांगत गेली. रातकिडा, वाढवलेला वेग, साखरबाई, पप्पूचं हसणं. आप्पांना सर्किट कळत नव्हतं, पण ते कांदा हातात धरून ऐकत होते. साखरबाईचं वाक्य तिनं जसंच्या तसं सांगितलं.

"म्हंजी ती म्हणली शांत झाला," आप्पा म्हणाले, "आन् तुम्ही म्हणलात बरं झालं."

"हो."

पलीकडून मालगाडी गेली. तिचा खडखडाट संपल्यावर ज्ञानेश्वरी म्हणाली, "आप्पा, आई गेली त्या दिवशी मला कळलं नव्हतं. तुम्ही म्हणालात शांत झाली. मला वाटलं, तिची धाप थांबली. झोप लागली."

आप्पांनी कांदा खाली ठेवला.

"तू म्हणालीस, झोपू दे, उठवू नका."

"हो."

"मी बायांना मोठ्यानं रडू दिलं न्हाई," आप्पा म्हणाले. "म्हणलं, ज्ञानानं सांगितलंय. तुझी काकू तोंडात पदर कोंबून बसली. मला वाटलं, शिकलेली पोर हाय, सोसून बोलली. तिचं ऐकायचं." ते चाळीच्या पत्र्याकडे बघत होते. "तू येस्तोवर घरात आवाज न्हवता कसलाच."

ज्ञानेश्वरीला ते घर आठवलं. ती पोहोचली तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं आणि कुणीही रडत नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते. तिला तेव्हा वाटलं होतं की ते तिच्यावर चिडलेत. ती उशिरा आली म्हणून. मग तीही रडली नव्हती.

तिनं सॅक उघडली. शेवंती चुरगळली होती. ती तिनं एका रिकाम्या पाटीत काढून ठेवली, कारण हातांना काहीतरी करायला हवं होतं.

"जेवलीस का?" आप्पांनी विचारलं. फोनवर विचारत तसंच.

"नाही," ती म्हणाली.

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग ते घरात गेले, तीही मागून गेली. त्यांनी दुरडी खाली काढली. भाकरी सकाळच्या होत्या, कालवणही. त्यांनी एक ताट घेतलं, थोडं थांबले आणि फळीवर मागं सरकवून ठेवलेलं दुसरं ताट काढून पुसलं.

"त्यो पेटंल का मग परत? त्या बाईचा?"

"पेटेल. सर्किट बदलायला वेळ लागेल. काही महिने."

"मग जाऊन सांग तिला, किती लागतील ते. वाट बघत असंल." आप्पांनी भाकरी मोडून तिच्या ताटात ठेवली. "आन् तुमच्या भाषेत न्हाई. आपल्या भाषेत सांग."

तिनं मान हलवली. मग भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला.